जी-फा: छत्तीस नावं, एक कोडं आणि रात्री पडलेलं स्वप्न

बोरकूट

लॉटरी म्हटलं की तिकीट, नंबर आणि सोडत. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातल्या कँटनी लोकांच्या जुन्या 'जी-फा'त यातलं जवळपास काहीच नव्हतं. छत्तीस नावं कायमची ठरलेली. जुगार चालवणारा त्यातलं एक कागदावर लिहिणार, गुंडाळून डबीत बंद करणार आणि ती डबी सगळ्यांना दिसेल अशी आढ्याला टांगणार. मग गल्लोगल्ली एक ओळ फिरायची. अर्धी कविता, अर्धी थट्टा. त्या ओळीवरून डबीत कोण बसलंय ते ओळखायचं आणि त्या नावावर पैसे लावायचे. डबी उघडली की बरोबर ओळखणाऱ्याला एकास तीस.

हाँगकाँगमध्ये हा खेळ १९५० ते ७० च्या दशकांत घरोघरी होता. आज तिथे खेळ नाही, पण साठी-सत्तरीच्या पुढच्या माणसांसमोर विषय काढून बघा, त्यांना नावं अजून पाठ असतात.

नाव कँटनी असलं तरी खेळाचं माहेर ग्वांगडोंग नव्हे. जुन्या चिनी नोंदी चजियांग प्रांतातल्या ह्वांगयानकडे बोट दाखवतात. काळ दाओग्वांग बादशहाचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध. तिकडे त्याला ह्वाह्वेइ म्हणत आणि सुरुवातीला नावं चौतीसच होती. तिथून फूज्येन, छाओचौ, कँटन, शांघाय असा तो किनाऱ्या-किनाऱ्याने पसरला.

आता ती छत्तीस मंडळी. बादशाही परीक्षेत पहिले आलेले चार पंडित. पाच 'वाघ' सेनापती. सात व्यापारी. चार घरंदाज बायका. चार नशीबवान. चार बौद्ध भिक्षू, दोन ताओपंथी साधू, पाच भिकारी आणि एकटी एक भिक्षुणी. बेरीज करून बघा, बरोबर छत्तीस. म्हणजे पैसे आकड्यावर लागत नव्हते, एका अख्ख्या गावातल्या कुणावर तरी लागत होते. प्रत्येकाला एकेक प्राणी जोडलेला होता आणि शरीराचा एकेक अवयवही. छापील तक्त्यावर एक माणूस काढलेला असायचा आणि त्याच्या कपाळापासून तळपायापर्यंत ही नावं डकवलेली. डोळा फडफडला, कोपर खाजलं, तर तक्ता काढून बघायचा.

आणि स्वप्नं. खेळाचा खरा इंधनसाठा तोच. रात्री मासा दिसला, मेलेली आजी दिसली, घराला आग लागलेली दिसली, प्रत्येकाचं उत्तर त्या छत्तीसांत कुठेतरी होतं. स्वप्न पडत नसेल तर पाडून घ्यायचे उपायही होते. शांघायमध्ये ह्वाह्वेइच्या नादी लागलेल्या बायका रात्री स्मशानात, न पुरलेल्या शवपेट्यांच्या शेजारी जाऊन झोपत, भुताने येऊन नाव सांगावं म्हणून.

हाँगकाँगमध्ये तो इतका का फोफावला याचं कारण मात्र अगदी जमिनीवरचं आहे. युद्धानंतर चीनमधून निर्वासितांचे लोंढे आले. एका खोलीत दोन-तीन बिऱ्हाडं, दिवसभर कापडाच्या नाहीतर प्लास्टिकच्या फुलांच्या कारखान्यात. घोड्यांच्या शर्यतीला जायला ना पैसा ना सुट्टी. जी-फा काही सेंटांत खेळता यायचा, शिवाय माणूस दारात यायचा. त्याला 'तेंग-जाय' म्हणत, म्हणजे छोटी होडी. ही होडी जिन्याजिन्याने पैसे आणि चिठ्ठ्या गोळा करून 'कारखान्यात' पोचवायची. जुगाराच्या मुख्य अड्ड्याला कारखानाच म्हणत. जिंकलेले पैसेही होडीच आणून द्यायची, त्यातून आपलं कमिशन कापून.

हे सगळं बेकायदा आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. या दोन्ही गोष्टी एकत्र नांदायच्या तर मधे हप्ता लागतो, तो होताच. ट्रायड म्हणजे चिनी गुन्हेगार टोळ्या, जी-फाचे अड्डे, अफूचे अड्डे आणि पोलीस अशी साखळी इतकी घट्ट होती की लुई लोक नावाच्या डिटेक्टिव्ह सार्जंटला लोक 'पन्नास कोटी डॉलरवाला' म्हणत. फेब्रुवारी १९७४ मध्ये भ्रष्टाचारविरोधी स्वतंत्र आयोग आला आणि ती साखळी तुटायला लागली. पुढच्याच वर्षी सरकारने जॉकी क्लबमार्फत 'मार्क सिक्स' ही कायदेशीर लॉटरी आणली. १९७६ मध्ये तिचं स्वरूप झालं छत्तीस आकड्यांतून सहा ओळखा. छत्तीसच. जी-फाची गिऱ्हाइकं तिकडे वळली आणि काही वर्षांत होड्या दिसेनाशा झाल्या.

नावाचं पुढे काय झालं ते मला सगळ्यात आवडतं. २००६ मध्ये हाँगकाँगच्या तरुण लेखकांनी एक वाङ्मयीन नियतकालिक काढलं आणि त्याचं नाव ठेवलं 'जी-फा'. आपल्याकडे कुणी कवितेच्या अनियतकालिकाला 'ओपन-क्लोज' नाव दिल्यासारखं.

हाँगकाँगमध्ये खेळ मेला तरी त्याची पोरंबाळं जगभर आहेत, काही तर आता सरकारी नोकरीत आहेत. इथले बरेच जण त्या देशांत राहतात. पाहिलं असेल तर लिहा.

शेवंतीचे_लाडू

वाचनखूण साठवली. स्मशानात झोपण्याचा भाग वाचून काटा आला.

गणित_नको

नावावर जाऊ नका, गणितच करतोय. छत्तीस शक्यता, एकास तीस. म्हणजे शंभर लावले की सरासरी ८३ परत आणि १७ मालकाच्या खिशात. एका शून्याच्या रूलेटमध्ये मालकाला तीनसुद्धा मिळत नाहीत. आणि एवढं करून नाव मालकच निवडतो? मग लोक कशाला विश्वास ठेवत होते?

बोरकूट

@गणित_नको, डबी आधी टांगायची ती याचसाठी. पैसे गोळा झाल्यावर त्याला नाव बदलता येऊ नये. अर्थात हातचलाखीच्या तक्रारी होत्याच.

पण तुमचं गणित चिठ्ठी आंधळेपणाने निघते असं धरून चाललंय. इथे समोर माणूस बसलाय. काल काय उघडलं, परवा गल्लीत कुणाची अंत्ययात्रा गेली, कुठला सण आलाय, हे त्यालाही माहीत आहे. लोक आज कशावर तुटून पडणार याचा अंदाज बांधून तो ज्यावर कमीत कमी पैसा लागेल असं नाव टाकतो. खेळणारा त्याच्या डोक्यात शिरायला बघतो, तो खेळणाऱ्यांच्या. आणि कोडं हे त्याचं हत्यार. कधी उत्तर इतकं सरळ ठेवतो की शहाणी माणसं बिचकून दुसरीकडे जातात.

क्यूबातली एक गोष्ट सांगतात. तिथे या खेळाला चिफा किंवा चाराडा म्हणतात. चिनी मालकाने ओळ सोडली: कौलांवरून चालतो, कौल फोडत नाही. सगळ्या गावाने मांजर लावलं. उघडला हत्ती. लोक भांडायला गेले तर हा शांतपणे म्हणाला, हत्ती एखादं कौल कशाला फोडेल, तो अख्खं छप्परच खाली आणतो.

गणित_नको

हाहाहा. हे बेस्ट आहे. म्हणजे १७ टक्के हे फक्त तिकिटाचे पैसे, खरी कमाई डोक्याची.

त्रिनिची_सून

बोरकूट, धाग्याबद्दल खास धन्यवाद, कारण मी या खेळाच्या पोराबरोबर रोज राहते! लग्न होऊन त्रिनिदादला आले. इथे 'व्हे-व्हे' म्हणतात. चिनी मजुरांनी आणला, जुने लोक 'चायनापू'ही म्हणायचे. वर्षानुवर्षं बेकायदा होता, मग ४ जुलै १९९४ ला सरकारी लॉटरी मंडळाने 'प्ले व्हे' नावाने तोच खेळ अधिकृतपणे सुरू केला. आता कोपऱ्याकोपऱ्यावर मशीन आहे.

इथले छत्तीस 'मार्क' बघा. १ गोम. २ म्हातारी. ४ मेलेला माणूस. ५ पाद्री, ३१ पाद्रीण. ८ वाघ. १२ राजा, २४ राणी. १४ पैसा. १७ कबुतर. २९ अफूबाज. ३४ आंधळा. ३६ गाढव. चिनी पंडित आणि सेनापती गेले, पाद्री आणि त्याची बायको आली. पण अफूबाज राहिलाय, तो कुठून आला असेल ते सांगायला नको.

माझ्या सासूबाई कट्टर हिंदू. त्यांचे पूर्वज भोजपुरी भागातून कलकत्त्यामार्गे ऊसमळ्यावर आलेले. सकाळची पूजा झाली की पहिला प्रश्न "रात को का देखा?" अशा थाटाचा, फक्त त्रिनिदादी इंग्रजीत. शेजारची आफ्रिकन वंशाची काकू कुंपणावरून तिचं स्वप्न सांगते, मग दोघींची चर्चा, मग एक नंबर ठरतो. नवऱ्याच्या गाडीला कुणी ठोकलं तेव्हा दोघींनी आधी नंबरप्लेट बघितली, नंतर नवऱ्याला.

सासूबाईंच्या माहेरी तो जुना तक्ता होता म्हणे, शेंडीवाला चिनी माणूस आणि त्याच्या अंगभर आकडे. तुम्ही लिहिलाय तसाच.

बोरकूट

@त्रिनिची_सून, जबरदस्त माहिती! अगदी असाच तक्ता क्यूबातही आहे. उभा चिनी माणूस, अंगावर छत्तीस चित्रं. १८४७ ते १८७४ या काळात सव्वा लाखाच्या आसपास चिनी मजूर आठ-आठ वर्षांच्या करारावर क्यूबाच्या ऊसमळ्यांवर नेले गेले. बहुतेक सगळे पुरुष, बहुतेक ग्वांगडोंगचे. चिफा त्यांच्याबरोबर गेला. तिथली यादी वेगळी झाली: १ घोडा, २ फुलपाखरू, ३ खलाशी, ४ मांजर, ५ जोगीण, ८ मेलेला माणूस, ९ हत्ती, ३६ चिलीम. सतरावर पुढे संत लाझारोसुद्धा येऊन बसला, कारण त्याचा उत्सव १७ डिसेंबरला.

फिडेल कॅस्ट्रोला लोक 'एल काबायो', म्हणजे घोडा म्हणायचे. चाराडातला पहिला नंबर. गंमत अशी की १९५९ नंतर जुगार बंद करणारा तोच. आकडे मात्र कुणी विसरलं नाही. आजही क्यूबात चोरून खेळतात आणि निकाल फ्लोरिडाच्या लॉटरीवरून घेतात.

लंगडी_घोडी

४ म्हणजे मेलेला माणूस हे कँटनीत चार आणि मरण यांचे उच्चार जवळपास सारखे आहेत म्हणून असणार ना?

जोबर्गकर

दक्षिण आफ्रिकेतही ४ म्हणजे मेलेला माणूसच! इथे खेळाचं नाव 'फाफी'. १ राजा, २ माकड, ३ समुद्राचं पाणी, ५ वाघ, ७ चोर, ९ चंद्र, १० अंडी, १२ मेलेली बाई, २० मांजर, २१ हत्ती, ३१ आग.

@लंगडी_घोडी, पण मग क्यूबात मेलेला आठावर का? मला वाटतं मुळात नावंच फिरली, आकडे नंतर ज्याने त्याने आपापल्या सोयीने चिकटवले. कबुतर त्रिनिदादला १७, इथे १६. वाघ तिकडे ८, इथे ५.

फाफी इथे अपार्थाइडच्या काळात फार जोरात होता. चिनी लोकांना कायद्याने धड गोऱ्यांत जागा नव्हती, धड काळ्यांत नव्हती, बरेच धंदे बंद. मग काहींनी हा धंदा धरला. मालक, अनेकदा मालकीण, दिवसातून दोनदा गाडीतून ठरलेल्या कोपऱ्यावर येणार. खेळणाऱ्यांचे पैसे छोट्या बटव्यांत, प्रत्येक बटव्याला टोपणनाव. मालकाने आधी आकडा सांगायचा, मग बटवे उघडायचे. इथे भाव एकास अठ्ठावीस, म्हणजे गणित_नको यांचे १७ टक्के वाढून २२ झाले. खेळणाऱ्या बहुतेक घरकाम करणाऱ्या बायका, माळी, वॉचमन. पण मडमही मोलकरणीच्या हाती गुपचूप पैसे लावायला द्यायची, हे इथे कुणीही सांगेल. २००० मध्ये राष्ट्रीय लॉटरी आल्यावर ओसरला. मेला नाही.

भाऊ_भलतेच

एवढं सगळं लिहिलंत पण साधी गोष्ट कुणी बोलत नाही. हा आपला मटका आहे! होड्या म्हणजे आपले पंटर आणि आकडा घेणारे, कारखाना म्हणजे बुकी, हप्ता तोच, आणि काळही तोच. कुणीतरी चिन्यांकडून उचलला असणार.

कापूसकोंड्या

@भाऊ_भलतेच, दिसायला सारखं, कूळ वेगळं. मटका कापसातून आला. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईला यायचे, त्यांच्या आकड्यांवर सट्टा लागायचा. म्हणून तर आजही 'ओपन' आणि 'क्लोज'. १९६१ च्या सुमारास ते भाव यायचे बंद झाल्यावर पर्याय शोधणं आलं. १९६२ मध्ये कल्याणजी भगतने वरळीला स्वतःचा खेळ सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्रीने न्यू वरळी मटका. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, शेवटचा आकडा घ्यायचा. यात चिनी काहीच नाही.

आणि मोठा फरक म्हणजे मटक्यात कोडं नाही. पत्ता काढणारा तुमच्याशी बोलत नाही. जी-फावाला तुम्हाला ओळ देऊन डिवचतो.

भाऊ_भलतेच

बरं, कूळ वेगळं. पण लालबागच्या चाळीत आमचे अण्णा भिकाऱ्याने किती बोटं दाखवली त्यावरून आकडा लावायचे, ते काय होतं मग?

कापूसकोंड्या

ते जगात सगळीकडे आहे हो. ब्राझीलचा 'जोगो दो बिचो' घ्या. १८९२ मध्ये रिओच्या एका जमीनदाराने आपल्या प्राणिसंग्रहालयाला गर्दी व्हावी म्हणून तिकिटावर प्राणी छापले. पंचवीस प्राणी, आणि तिथेही स्वप्नं. त्याचा उगम प्राणिसंग्रहालयातला, चिनी खाणावळीतला नाही. आकडा अनोळखी असतो, त्याला तोंड दिलं की तो आपला वाटतो. अण्णांनी भिकाऱ्याकडून तेवढंच घेतलं.

सुखुमवितवाला

थायलंडची भर घालतो. इथे लॉटरीला आजही 'हुआय' म्हणतात, तो शब्द याच खेळाचा. थायलंडचा राजा तिसरा राम याच्या कारकिर्दीत आधी पूर, मग दुष्काळ, तांदूळ महाग झाला आणि बाजारातून नाणीच गायब झाली. लोकांनी पैसे मडक्यात घालून पुरून ठेवलेत असं राजाच्या कानावर गेलं. तेव्हा हाँग नावाच्या चिनी सावकाराने सुचवलं की आमच्याकडचा हा खेळ सुरू करा, पैसा आपोआप वर येईल. १८३५ मध्ये सुरू झाला. सरकार मक्ता द्यायचं आणि कर घ्यायचं. म्हणजे चीनमध्ये गुन्हा, इथे खजिन्याची शाखा.

अडचण ही की थाई लोकांना चिनी नावं वाचता येईनात. मग प्रत्येक नावाला एक थाई व्यंजन लावलं. 'को' म्हणजे साम-हुआय हे पहिलं नाव, 'खो' म्हणजे पुढचं, असं. म्हणून नाव 'हुआय को खो', आपल्या भाषेत 'कखची लॉटरी'. पुढे सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा दोन सोडती झाल्या. सहाव्या रामाने १ एप्रिल १९१६ पासून बंद केला, कर बुडत असूनही. आता सरकारी लॉटरी महिन्यातून दोनदा असते आणि तिच्या आदल्या दिवशी बँकॉकबाहेरच्या देवळांत जाऊन बघा. झाडाच्या खोडाला पावडर चोळून आकडे शोधणारी माणसं दिसतील.

शेवंतीचे_लाडू

झाडाला पावडर??

सुखुमवितवाला

हो. टाल्कम पावडर. खोडाच्या रेषा उठून दिसतात, मग कुणाला सात दिसतो, कुणाला तीन.

रोखठोक_बाई

सगळ्यांची मजा चाललीय, चालू दे. पण जुगाराला 'सांस्कृतिक वारसा' म्हणायची फॅशन मला पटत नाही. स्मशानात झोपणाऱ्या बायकांचं वर्णन काटा आणतं, गोड वाटत नाही. त्या तिथे का गेल्या असतील? घरात काय उरलं असेल? माझं बालपण गिरणगावातलं. मटक्यापायी मंगळसूत्र गहाण पडलेलं मी शेजारच्या घरात बघितलंय. होडी दारात येते हे तुम्हाला सोयीचं वाटतं. मला तर तेच सगळ्यात भयंकर वाटतं. दारू प्यायला निदान गुत्त्यापर्यंत जावं लागायचं.

बोरकूट

@रोखठोक_बाई, दारात येण्याचा मुद्दा तुम्ही म्हणता तसाच आहे. बायका हेच मुख्य गिऱ्हाईक असण्याचं कारणही तेच. फानतान या दुसऱ्या चिनी जुगाराच्या अड्ड्यावर घरंदाज बाई जाऊ शकत नव्हती, होडीला मात्र स्वयंपाकघरापर्यंत मज्जाव नव्हता. चिनी अधिकारी वारंवार बंदी घालायचे आणि त्यांच्या फर्मानांत कर्ज, आत्महत्या, मोडलेले संसार यांची रड असायचीच, ती खोटी नव्हती.

फक्त एवढंच म्हणेन की नुकसान झालं म्हणून त्या यादीतलं माणसांचं जग आपोआप फालतू होत नाही. पाच भिकारी आणि चार पंडित एकाच भावाने विकणारा दुसरा बाजार त्या समाजात नव्हता.

पोहे_आणि_लक्सा

सिंगापूरहून. रोखठोकताई म्हणतात ते इथे तंतोतंत घडलं. इथे छत्तीसांचा खेळ होता, शिवाय त्याचा धाकटा भाऊ 'चाप-जी-की', बारा पत्त्यांचा. पेरानाकन म्हणजे इथे पिढ्यान्पिढ्या रुळलेल्या चिनी घरांतल्या बायका, त्यांना न्योन्या म्हणतात, त्याच्या फार नादी लागल्या. दुपारी पत्त्यांच्या नाहीतर शिवणाच्या निमित्ताने जमायच्या आणि दागिने सावकाराकडे जायचे. ब्रिटिशांनी छापे घातले, स्वतंत्र सरकारनेही घातले. शेवटी १९६८ मध्ये सरकारने स्वतःचीच कंपनी काढून 'टोटो' सुरू केलं, बेकायदा जुगाराकडे जाणारा पैसा वळवायला. हाँगकाँगसारखंच.

पण स्वप्नांची पुस्तकं अजून मिळतात. चित्रं आणि त्याखाली आकडे. मांजर, साप, पडलेला दात, सगळं. आता आकडे चार अंकी झालेत एवढंच.

रोखठोक_बाई

म्हणजे जुगार थांबला नाही, मालक बदलला. ठीक. त्रिनिदादलाही तेच दिसतंय.

त्रिनिची_सून

@रोखठोक_बाई, हो, आणि गंमत म्हणजे बेकायदा व्हे-व्हेही बंद झाला नाही! सासूबाई म्हणतात सरकारी मशीनला डोकं नाही, त्यात काय मजा. जुन्या बँकरशी झुंज असायची, अमुक बँकर पावसाळ्यात कबुतर टाकतोच वगैरे.

मनिलाची_भाकरी

फिलिपिन्सचं नाव अजून कसं आलं नाही? इथला 'ह्वेतेंग' याच घराण्यातला. फक्त छत्तीसऐवजी सदतीस आकडे, त्यातले दोन ओळखायचे, आणि निवड माणूस करत नाही, भांड्यातून सोंगट्या काढतात. कोडं गेलं, पण घरोघर फिरणारा 'कोब्रादोर' आहे. तीच तुमची होडी.

आणि याने सरकार पाडलं आहे. ऑक्टोबर २००० मध्ये इलोकोस सुर प्रांताचा गव्हर्नर चाविट सिंगसन याने जाहीर केलं की राष्ट्राध्यक्ष जोसेफ एस्त्रादांना ह्वेतेंगच्या हप्त्यांतून सुमारे चाळीस कोटी पेसो पोचले. महाभियोग सुरू झाला, तो फिसकटल्यावर लोक रस्त्यावर आले आणि जानेवारी २००१ मध्ये एस्त्रादांना जावं लागलं. सप्टेंबर २००७ मध्ये कोर्टाने दोषी ठरवलं, पुढच्याच महिन्यात माफीही मिळाली. नंतर ते मनिलाचे महापौर झाले. घ्या.

भाऊ_भलतेच

'घ्या' ला +१. इथे वाचताना आपल्याकडचं काहीच आठवलं नाही हं.

फोंड्याची_फेणी

थोडं अवांतर. पोर्तुगीजांचं मकाव १८४४ पर्यंत कारभाराच्या दृष्टीने गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होतं. त्यानंतर काही वर्षांतच मकावने जुगार कायदेशीर करून कर गोळा करायला सुरुवात केली. कँटनने बंदी घातली की खेळ मकावला जायचे.

बोरकूट

@फोंड्याची_फेणी, अजिबात अवांतर नाही. याचा सगळ्यात झकास नमुना म्हणजे 'वेइशिंग'. बादशाही परीक्षेत कुठल्या आडनावाचे उमेदवार पास होणार यावर सट्टा! १८७५ मध्ये ग्वांगडोंगमध्ये बंदी आल्यावर तो मकावला गेला आणि कराचे पैसेही तिकडे. शेवटी १८८५ मध्ये, फ्रान्सशी युद्धाचा खर्च अंगावर असताना, व्हाइसरॉय चांग चिदोंगने तो कँटनमध्ये परत अधिकृत केला. परीक्षकांना लाच देऊन विशिष्ट आडनावं पास किंवा नापास करण्याचे प्रकार झाले. १९०५ मध्ये परीक्षाच रद्द झाली, सट्टा कशावर लावणार.

लंगडी_घोडी

एमपीएससीच्या निकालावर हे सुरू करू नका कुणी.

किवीची_आई

न्यूझीलंडमध्ये 'पाकापू' होतं. हे वेगळं असावं ना? इथली म्हातारी माणसं गिचमिड अक्षराला 'पाकापूच्या तिकिटासारखं' म्हणतात.

बोरकूट

@किवीची_आई, चुलत भाऊ. तो 'पांढऱ्या कबुतराचं तिकीट'. त्यात नावं नाहीत, 'सहस्राक्षरी' या सहाव्या शतकातल्या बालपाठाची पहिली ऐंशी अक्षरं तिकिटावर छापलेली, त्यातली निवडून खुणा करायच्या. ज्याला चिनी येत नाही त्याला ते तिकीट म्हणजे शाई सांडलेली, म्हणून तुमच्याकडची म्हण. अमेरिकेतल्या चिनी वस्त्यांतून तो नेवाडात गेला. तिथे १९३१ मध्ये जुगार कायदेशीर झाला, पण लॉटरीला राज्यघटनेत मनाई. म्हणून आकड्यांना घोड्यांची नावं देऊन 'रेसहॉर्स कीनो' म्हणून चालवला. आजच्या कॅसिनोतल्या कीनोत ऐंशीच आकडे का, त्याचं मूळ हे. चिनी मुलं ज्या श्लोकांनी धुळाक्षरं गिरवायची ते लास व्हेगासला पोचले.

डॉकयार्डकर

माझगावच्या नवाब टँक रोडवर सी यूप कून हे चिनी देऊळ आहे, १९१९ चं. मुंबई बंदरात आलेल्या कँटनी खलाशांनी बांधलेलं. नावातलं 'सी यूप' म्हणजे ग्वांगडोंगमधले चार तालुके, आणि परदेशी गेलेले कितीतरी मजूर त्याच चार तालुक्यांतले. खाली करुणेची देवी क्वान-यिन, वरच्या मजल्यावर युद्धदेव क्वान-कुंग. बांबूच्या नळकांड्यातल्या काड्या हलवून कौल मागायची सोय आहे. कौल काय आपल्यालाही नवा नाही, कोकणातला माणूस आहे मी. तिथे जी-फा चालायचा असं माझं म्हणणं नाही. चिनी नववर्षाला देऊळ सजलेलं असतं, मुंबईकरांनी जाऊन बघा एवढंच.

शेवंतीचे_लाडू

सगळं वाचलं. आता महत्त्वाचा प्रश्न. काल माझ्या स्वप्नात साप आला होता. काय लावू?

त्रिनिची_सून

केवढा होता? लहान असेल तर २७, मोठा असेल तर ३५.

बोरकूट

क्यूबात २१. पण तो अजगर हवा.

शेवंतीचे_लाडू

मधला होता. आणि बोलत होता.

त्रिनिची_सून

थांबा, सासूबाईंना विचारते.

गणित_नको

कुठलाही लावा, १७ टक्के गेलेच.